कटिंग्जमधलं तेल परत मडमध्ये कसं आणायचं

खणताना भोकात फिरवतात तो द्रव म्हणजे मड, आणि ते वर आल्यावर गाळणारी थरथरती चाळणी म्हणजे शेकर. त्या शेकरच्या टोकाशी उभे राहा, हातमोजा घालून मूठभर कटिंग्ज, म्हणजे खणलेल्या खडकाचा चुरा, घ्या आणि घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर ढेकूळ मोडून पडलं आणि मोज्यावर नुसता ओलसर डाग राहिला, तर शेकर नीट चाललाय. बोटांच्या फटीतून मड ओघळलं, तर तेवढं तेल तुम्ही कचऱ्याच्या पेटीत ओतताय. याला मोजमाप म्हणता येत नाही, पण मी शिफ्टची सुरुवात आजही अशीच करतो, रिटॉर्ट (नमुना तापवून त्यातलं तेल आणि पाणी मोजायचं उपकरण) गरम व्हायच्या आधी.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करून मुंबई हायवर, किंवा आखातात, उत्तर समुद्रात मडच्या नाहीतर सॉलिड्स कंट्रोलच्या (मडमधला खडक वेगळा काढायच्या) कामाला नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. तेल परत मिळवणं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर किनाऱ्यावरची मोठी भट्टी येते. प्रत्यक्षात बहुतेक तेल शेकर आणि ड्रायर (कटिंग्ज गरगर फिरवून तेल काढणारं यंत्र) या दोनच जागी वाचतं. भट्टीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. आणि परत मिळालेल्या तेलाची खरी किंमत ते बेस ऑइल, म्हणजे मडचं मूळ तेल, म्हणून पुन्हा मडमध्ये गेलं तरच येते. ते बॉयलरमध्ये जाळलं तर महागाचा माल स्वस्तात घालवल्यासारखं होतं.

आधी हिशेब

सव्वाबारा इंची भोक एक हजार मीटर पाडलं की सुमारे ७६ घनमीटर खडक वर येतो. घनता २.६ धरली तर जवळपास २०० टन. भोक जागोजागी ढासळून रुंद होतं, ते वेगळंच. पाण्याच्या मडने खणलं असेल तर इथे तेलाचा प्रश्न फारसा येत नाही. पण शेल हा चिकणमातीचा खडक पाणी पिऊन फुगतो, ढासळतो, पाइप अडकवतो, म्हणून अशा थरांत तेलाचं किंवा सिंथेटिक बेसचं मड वापरतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही ते वापरात आहे. त्यात बेस ऑइल हा मुख्य द्रव असतो, त्यात कॅल्शियम क्लोराइडच्या खारट पाण्याचे बारीक थेंब इमल्सिफायरने धरून ठेवलेले असतात आणि वजनासाठी बॅराइट या जड खनिजाची पूड.

अशा मडमधून आलेल्या कटिंग्जच्या ओल्या वजनात शेकरवरून पडताना १० ते १५ टक्के तेल असणं नेहमीचं आहे. समजा १२ टक्के तेल आणि ८ टक्के पाणी आहे. मग आपल्या २०० टन खडकाचा ओला ढीग २५० टनांचा होतो आणि त्यात ३० टन तेल असतं. बेस ऑइलची घनता ०.८ च्या आसपास असते, म्हणजे हे झालं साडेसदतीस घनमीटर, एका विहिरीच्या एका सेक्शनचं. हाच ढीग ड्रायरमधून काढून तेल ४ आणि पाणी ४ टक्क्यांवर आणलं, तर ढीग २१७ टनांचा उरतो आणि त्यात तेल पावणेनऊ टन. एकवीस टनांहून जास्त तेल नुसतं गरगर फिरवून सुटलं, उष्णता न देता, आणि तेही तयार मडच्या रूपात. पुढे भट्टीने कितीही चोख काम केलं तरी तिला मिळणार पावणेआठ टनांच्या आसपास.

कायद्याची रेघ कुठे आहे, त्यावर यंत्र ठरतं

उत्तर समुद्रात सुरुवातीच्या काळात डिझेलच्या मडने विहिरी खणल्या आणि कटिंग्ज प्लॅटफॉर्मच्या पायाशीच सोडून दिली. त्यांचे ढीग काही जुन्या प्लॅटफॉर्मखाली अजून पडून आहेत. पुढे डिझेल गेलं, कमी विषारी तेलं आली. मग ऑस्पार या ईशान्य अटलांटिक समुद्र जपायच्या करारातल्या देशांनी २००० साली घेतलेल्या २०००/३ या निर्णयाने ठरवलं की तेलाच्या मडची कटिंग्ज समुद्रात सोडायची तर तेल कोरड्या वजनाच्या १ टक्क्याहून जास्त नको. ड्रायर कितीही चांगला असला तरी १ टक्क्याला पोचत नाही. त्यामुळे तिथे तीनच वाटा उरल्या: पेट्यांत भरून किनाऱ्यावर न्या, दळून दुसऱ्या विहिरीत खोल पंप करा, किंवा तापवून तेल काढा. दुसऱ्या वाटेने समुद्र वाचतो, पण तेल कायमचं गाडलं जातं.

मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेने २००१ साली वेगळी रेघ आखली. तिथे सिंथेटिक मडच्या कटिंग्जवर ओल्या वजनाने सरासरी ६.९ टक्के, आणि एस्टर बेस असेल तर ९.४ टक्के चालतात. म्हणून तिथे ड्रायरवर भागतं आणि उत्तर समुद्रात नाही. एकाच समुद्री धंद्यात दोन ठिकाणी दोन वेगळी यंत्रं का दिसतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

आपल्याकडे पर्यावरण मंत्रालयाच्या ३० ऑगस्ट २००५ च्या अधिसूचनेनुसार समुद्रात सोडायच्या कटिंग्जमध्ये तेल किलोला १० ग्रॅमहून जास्त नको, म्हणजे तोच १ टक्का. वापरात न येणारं तेलाचं मड समुद्रात सोडताच येत नाही. शिवाय २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात पाण्याच्या मडची सोडून बाकी कटिंग्ज, तेलाचा गाळ आणि तेल असलेलं मड ही तिन्ही नावं आहेत. पेटी मुंबईजवळच्या नाव्हाच्या धक्क्यावर उतरली की ती या नियमांत आली.

मोजायला शिका: रिटॉर्ट

हे काम मड इंजिनिअरवर सोडून देऊ नका, स्वतः करा. ५० मि.लि.चं रिटॉर्ट घ्या. कप, वरचा भाग आणि त्यात भरलेली पोलादी लोकर असं सगळं मिळून कोरडं वजन करा. कपात कटिंग्ज भरून पुन्हा वजन करा. खालची काचेची मोजनळी वेगळी तोला. मग ५०० अंश सेल्सियसवर तापवा आणि थेंब पडायचे थांबेपर्यंत ठेवा, किमान पाऊण तास. घाई केली की जड तेल आतच राहतं आणि आकडा खोटाच छान येतो. पूर्ण थंड झाल्यावर नळी आणि रिटॉर्ट दोन्हींचं वजन घ्या. नळीतलं पाणी मि.लि.मध्ये वाचा.

एक उदाहरण. ओला नमुना ९२ ग्रॅम. नळीचं वजन वाढलं १७.६ ग्रॅम, त्यात पाणी ७ मि.लि., म्हणजे ७ ग्रॅम. तेल राहिलं १०.६ ग्रॅम. रिटॉर्टमधला कोरडा ऐवज ७३.५ ग्रॅम. आता बेरीज करा: ७३.५ आणि १७.६ मिळून ९१.१, म्हणजे मूळ वजनाच्या ९९ टक्के. ही बेरीज ९५ ते १०५ टक्क्यांत बसली नाही तर तो नमुना रद्द समजा आणि पुन्हा लावा, कुठेतरी वाफ निसटलीय किंवा वजन चुकलंय.

आता खरी मेख. ओल्या वजनावर हे तेल साडेअकरा टक्के भरतं आणि कोरड्या वजनावर १४.४ टक्के. नमुना एकच, आकडे दोन. रिपोर्टवर नुसतं 'तेल टक्के' लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय आणि त्यावरून किनाऱ्यावरच्या प्लांटशी वाद झालेलेही पाहिलेत. आकड्यापुढे 'ओलं' की 'कोरडं' हे प्रत्येक वेळी लिहा.

नमुना कुठून घ्यायचा हेही महत्त्वाचं. शेकरच्या एकाच कोपऱ्यातून नको. पूर्ण रुंदीवरून थोडं थोडं घ्या, सगळ्या शेकरवरून घ्या आणि चालू ड्रिलिंगमध्ये घ्या, खणणं थांबवून नुसतं मड फिरवत असतील तेव्हा नको.

शेकर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. स्क्रीनवर मडचं तळं साधारण पाऊण लांबीपर्यंत असावं आणि शेवटचा पाव भाग कोरडा दिसावा. त्या कोरड्या पट्टीवरून कटिंग्ज पुढे सरकताना त्यांच्यातलं तेल निथळतं. तळं अगदी टोकापर्यंत आलं तर मड वाहून जातंय. ते सुरुवातीलाच संपत असेल तर स्क्रीन गरजेपेक्षा जाड आहे, बारीक लावायला वाव आहे.

किती बारीक? एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) मापाने २०० ची स्क्रीन ६९ ते ८२.५ मायक्रॉनच्या दरम्यान कापते. बॅराइटमध्ये ७५ मायक्रॉनहून मोठे कण फार तर ३ टक्के असतात, म्हणजे २०० लावूनही बॅराइट खाली निघून जातो. पण मड थंड आणि घट्ट असताना, म्हणजे ट्रिपनंतर (सगळा पाइप बाहेर काढून परत उतरवल्यावर) मडच्या पहिल्या फेरीला, बारीक स्क्रीनवरून मड उसळून बाहेर जातं. त्या तासाभरासाठी दोन पायऱ्या जाड स्क्रीन लावा आणि मड तापलं की बदला. कंटाळवाणं काम आहे, रात्री तीन वाजता तर जास्तच. तरी करा.

फाटलेली स्क्रीन शोधायला दर तासाला टॉर्च घेऊन खालून बघा. फाटक्या जागेतून गेलेला खडक मडमध्ये फिरतो, दळला जातो, आणि इतका बारीक होतो की पुन्हा कुठल्याच यंत्राच्या हाती लागत नाही.

आणि एक नियम, ज्याला अपवाद नाही: तेलाच्या मडच्या शेकरवर पाण्याची नळी लावायची नाही. स्क्रीन धुवायची तर बेस ऑइलने. पाणी मारलं की तेल-पाण्याचं प्रमाण बिघडतं, कटिंग्ज पाण्याने ओली होऊन चिकटतात आणि ते पाणी पुढे भट्टीपर्यंत तुमच्याबरोबर येतं.

ड्रायर आणि त्याच्या खालची टाकी

उभ्या ड्रायरमध्ये जाळीचा शंकू वेगाने फिरतो, कटिंग्ज जाळीवर दाबली जातात, तेल जाळीतून बाहेर फेकलं जातं आणि आतली पाती कोरडा ऐवज खरवडून खाली सोडतात. याला एकसारखा खुराक लागतो. स्क्रू कन्व्हेयरने ढीग साचवून एकदम ढकलला की मशीन थरथरतं आणि बंद पडतं. पाती आणि जाळी यांच्यातली फट झिजेने वाढली की जाळीवर थर बसतो आणि तेलाचा आकडा हळूहळू वर सरकतो. म्हणून ड्रायरचा रिटॉर्ट शिफ्टला एकदा तरी लावा. चारचा सहा झाला की पाती बघायची वेळ आली.

आता सगळ्यात महागाची चूक सांगतो, कारण ती मी केलीय. ड्रायरखाली जमणारं मड दिसायला झकास असतं, काळंभोर, पातळ. पहिल्या वर्षी मी ते थेट ॲक्टिव्ह टाकीत, म्हणजे विहिरीत फिरणाऱ्या मडच्या टाकीत, सोडलं. दोन दिवसांत प्लास्टिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे मडचा घट्टपणा, चढत गेली, पंपाचा दाब चढला, आणि ते मड पुन्हा पातळ करायला जेवढं तेल वाचवलं होतं त्याहून जास्त ताजं बेस ऑइल ओतावं लागलं. ड्रायर कटिंग्जना आदळतो, त्यात बारीक चुरा होतो आणि तो तेलाबरोबर जाळीतून येतो. म्हणून हे मड आधी वेगळ्या टाकीत घ्यायचं, तिथून डिकँटर सेंट्रिफ्यूजमधून (वेगाने फिरवून बारीक माती वेगळी करणाऱ्या यंत्रातून) काढायचं, त्यातली हलकी बारीक माती मोजायची आणि मगच थोडं थोडं ॲक्टिव्हमध्ये सोडायचं. हलक्या मातीचं प्रमाण घनफळाने ५–६ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

डिकँटरमधून पडणारा चिखल विसरला जातो. तो अतिबारीक असतो, किलोमागे पृष्ठभाग खूप, त्यामुळे ड्रायरच्या कटिंग्जपेक्षा जास्त तेल धरून बसतो. त्याचा रिटॉर्ट वेगळा, पेट्याही शक्यतो वेगळ्या. भट्टीवाल्याला कुठल्या पेटीत काय आहे हे कळलं तर तो खुराक एकसारखा मिसळू शकतो.

पेट्या, बोट आणि पावसाळा

२१७ टन माल, पेटीला चार टन धरले तर ५५ पेट्या. ड्रायर नसता तर ६३. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, आणि जून ते सप्टेंबर समुद्र असा असतो की बोट जवळ येऊनही क्रेनने पेटी उचलता येत नाही. रिकाम्या पेट्या संपल्या की ड्रिलिंग थांबतं. पावसाळ्यात नियोजन पेट्यांवरून उलटं करत या: किती दिवस बोट लागली नाही तरी चालेल, तेवढ्या पेट्या डेकवर हव्यात.

झाकणाचं रबर तपासा. पेटीत पावसाचं पाणी गेलं तर ते कुणीतरी पुढे उकळणार आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. तेलाला त्याच्या कितीतरी कमी लागतात. भट्टीचं बिल तेलावर कमी आणि पाण्यावर जास्त फाटतं.

डेकवरचं धुणं हा असाच दुसरा चोर. मड सांडलं की साबणाचा रिग वॉश मारून पाण्याने ढकलायची सवय असते. साबण तेल-पाण्याचं असं दही लावतो की डिमल्सिफायर (तेल आणि पाणी वेगळं करणारं रसायन) घालूनही ते फुटत नाही. आधी रबरी फावड्याने ओढून मड टाकीत घ्या, मग उरलेला डाग धुवा. पावसाचा निचरा आणि मडचा निचरा यांची गटारं वेगळी ठेवा. स्लॉप, म्हणजे तेल-पाण्याचं घाण मिश्रण, जितकं कमी तयार होईल तितकं बरं.

तापवणं

इथे दोन पद्धती जास्त दिसतात. एकात ड्रम बाहेरून तापवतात आणि माल आत फिरत राहतो. काम सावकाश होतं, ड्रमची भिंत फार तापते, आणि तिला चिकटलेलं तेल करपतं, त्याच्या रेणूंची साखळी तुटते. दुसरी पद्धत नॉर्वेत बर्गनच्या थर्मटेकने पुढे आणली: दंडगोलात हातोड्यांचा दांडा प्रचंड वेगाने फिरतो आणि घर्षणानेच माल तापतो. बाहेरून ज्योत नाही. तापमान २५० ते ३०० अंशांच्या आसपास, आणि मालाला आत काही मिनिटंच राहावं लागतं.

एरवी याहून जास्त तापमानाला उकळणारं तेल इथे लवकर कसं सुटतं? कोकणात गवती चहाचं तेल काढतात ते आठवा. पानांतून पाण्याची वाफ सोडली की तेल स्वतःच्या उत्कलनबिंदूच्या खूप आधी वाफेबरोबर निघून येतं, कारण दाबाचा मोठा वाटा वाफ उचलते. इथेही तेच घडतं. म्हणून खुराकात थोडं पाणी लागतंच, अगदी कोरडा माल चालत नाही. तीच वाफ आतली हवाही बाहेर ढकलते. तेलाच्या गरम वाफेत ऑक्सिजन मिसळला तर स्फोट होतो, त्यामुळे ऑक्सिजनचा मीटर बंद असेल तर प्लांट सुरू करायचा नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

वाफ पुढे थंड केली की तेल आणि पाणी वेगळं होतं. खाली राखाडी कोरडी पावडर पडते. नीट चाललेल्या यंत्रातून तिच्यात तेल अर्ध्या टक्क्याहूनही कमी राहतं.

आलेलं तेल मडच्या लायकीचं आहे का

आधी नाकाने बघा. करपट, डांबरासारखा वास आला तर तेल जास्त तापलंय. रंग थोडा पिवळसर होणं ठीक, काळा होणं ठीक नाही. मग घनता, फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेते ते तापमान), ॲनिलिन पॉइंट (ॲनिलिन हे द्रव्य तेलात पूर्ण मिसळतं ते तापमान) आणि गाळ, हे चार आकडे ताज्या बेस ऑइलच्या सर्टिफिकेटशेजारी मांडा. फ्लॅश पॉइंट पडला असेल तर तेलाची साखळी तुटलीय किंवा थरातलं कच्चं तेल मिसळलंय. असं तेल शेकरच्या खोलीत घातक वाफ सोडतं, तिथे माणसं बारा-बारा तास उभी असतात. ॲनिलिन पॉइंट खाली आला तर सुगंधी हायड्रोकार्बन वाढलेत, ते रबराची सीलं फुगवतात आणि कातडीलाही वाईट. जलाशयाच्या थरातून आलेली कटिंग्ज म्हणूनच वेगळी चालवा.

आकडे जुळले तर पायलट टेस्ट, म्हणजे थोड्या मडवर चाचणी. ताज्या तेलाच्या जागी १०, २५ आणि ५० टक्के परतीचं तेल घेऊन तीन मडं बनवा, १६ तास विहिरीच्या तापमानाला हॉट रोल करा, म्हणजे गरम ठेवून फिरवत ठेवा. मग व्हिस्कॉसिटी, इलेक्ट्रिकल स्टॅबिलिटीचे व्होल्ट (इमल्शन किती पक्कं आहे त्याचं माप) आणि उच्च तापमान-दाबाचं फिल्ट्रेट (मड गाळल्यावर निघणारा द्रव) बघा. फिल्ट्रेटमध्ये पाण्याचा एक थेंबही दिसला तर इमल्शन कमकुवत आहे. एक गोष्ट हटकून विसरली जाते: ड्रायरमधून आलेलं मड आपली केमिकल्स घेऊन येतं, पण भट्टीचं तेल नुसतं तेल असतं. इमल्सिफायर, चुना, खारं पाणी सगळं नव्याने घालावं लागतं. ते न घालता मोठ्या प्रमाणात मिसळलं की व्होल्ट कोसळतात आणि दोष बिचाऱ्या तेलाला लागतो.

पाणी आणि पावडर

थंड होऊन आलेलं पाणी गोडं असतं, कारण मीठ वाफेबरोबर येत नाही. ते पावडरवरच शिंपडून धूळ बसवायला वापरतात. याचाच दुसरा अर्थ असा की सगळं कॅल्शियम क्लोराइड पावडरमध्ये राहिलंय, बॅराइटबरोबर. तेलाचा आकडा उत्तम आला म्हणून ती भरावाला किंवा विटांना देता येत नाही. क्लोराइड आणि जड धातूंची लीचिंग टेस्ट (ते पाण्यात किती झिरपतात याची चाचणी) आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी दोन्ही लागतात, नाहीतर ती घातक कचऱ्याच्या लँडफिलला जाते. किनाऱ्यावर कोणाच्या शेताकडेला मीठ झिरपवून समुद्र वाचवण्यात अर्थ नाही.

कागदपत्रं

पेट्यांबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, जातं, फॉर्म १०, सात रंगांच्या सात प्रती. किनाऱ्यावर माल ९० दिवसांहून जास्त साठवायचा नाही. वजनं काट्यावरची लिहा, अंदाजाची नको, कारण तेलाचा ताळा त्याच वजनांवर बसतो.

आणि रोजच्या मड रिपोर्टमध्ये बेस ऑइलचा वेगळा रकाना मागून घ्या: सकाळचा साठा, बोटीने आलेलं, ड्रायरमधून परत आलेलं, भट्टीवरून परत आलेलं, वापरलेलं, संध्याकाळचा साठा. कटिंग्जबरोबर गेलेलं तेल रिटॉर्टवरून काढा आणि रकान्याशी जुळवा. न जुळणारे दहा घनमीटर कुठेतरी असतात: भोकाच्या भेगेत, गळक्या व्हॉल्व्हमागे, नाहीतर रात्रभर टोकापर्यंत तळं भरून चाललेल्या तीन नंबरच्या शेकरवर. मी आधी शेकर बघतो.